केकवरची पानगळ

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की माणसं गाड्या काढून झाडं बघायला निघतात, याची मला इथे नव्याने आले तेव्हा भारी गंमत वाटायची. आपल्याकडे पानं गळायला लागली की आधी अंगण झाडायची काळजी! पण न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर मीही त्या वेडात सामील झाले. शेजारच्या आजी तर लग्न झाल्यापासून दर ऑक्टोबरात यजमानांबरोबर व्हरमाँटला जात. पुढे यजमान गेले, आणि यंदा आजींच्या खुब्याचं हाड मोडलं. सारा ऑक्टोबर त्यांनी खिडकीशी बसून काढला. ऐंशीवा वाढदिवस नोव्हेंबरअखेर, तोवर झाडांचे नुसते खराटे झालेले. त्यांच्या मुलीने केकचं मला विचारलं, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, यंदा पानं आजींकडे जातील.

इथल्या बायका अशी पानं मार्झिपानची करतात. मार्झिपान म्हणजे बदामाची पूड आणि साखर मळून केलेला गोळा. अहो, ही तर आपल्या काजूकतलीची मावसबहीण! मग बसलेला हात कशाला सोडा? दोन वाट्या काजूची पूड, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. पाक एकतारी. गोळा मात्र वडीपेक्षा किंचित घट्ट ठेवायचा आणि कोमट असतानाच मळायचा. (काजू-बदाम सोसत नाहीत असं कुणी पंगतीला नाही ना, हे आधी विचारून घ्यावं. मी घेतलं होतं.)

खरी मजा रंगात. पानातला पिवळा रंग मुळात तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान होऊ लागले, हिरवं द्रव्य विरलं, की तो दिसू लागतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि तोही पानात अडकलेल्या साखरेपासून! साखरेची पानं करायला बसलेल्या बाईला याहून काय हवं? म्हणून मी सगळा गोळा आधी चिमूटभर हळदीने पिवळा केला. मग त्यात खायच्या लाल रंगाचे थेंब टाकून अर्धवटच मळला. एकजीव केलात तर पान प्लॅस्टिकचं दिसतं. हिरवा बोटाने शिरांच्या कडेकडेने लावला, कारण पान सुकताना हिरवा तिथेच शेवटपर्यंत रेंगाळतो. ओकच्या पानांना कोको.

खरी पानं साच्यासाठी दाबू नयेत, असं माझं स्पष्ट मत. रस्त्याकडेची धूळ तर असतेच, शिवाय अझेलियासारखी कुंपणाची झाडं चक्क विषारी. आपल्याकडे कण्हेर तशीच. मी जाड कागदावर मेपल आणि ओकचे आकार काढून कापले, लाटलेल्या पोळीवर ठेवून सुरीने फिरवले. शिरा सुरीच्या पाठीने. साध्या लांबट पानांची कातर करंजीच्या कातण्याने अशी झकास येते की सांगू नका. दोन-चार पानांना काडीने भोकं पाडली, किडीने खाल्ल्यासारखी. आणि पानं वळावीत म्हणून? अप्पेपात्र! प्रत्येक खळग्यात एक पान, कडा वर. त्यात न मावलेली लाटण्यावर. रात्रभर उघड्यावर वाळवली. फ्रिजमध्ये मुळीच नाही, तिथे ओल धरून ती मान टाकतात. केकवरही वाढायच्या तासभर आधीच मांडली.

पस्तीसएक पानं झाली होती. केक समोर आला तेव्हा आजी बराच वेळ बोलल्याच नाहीत. मुलगी सुरी घेऊन उभी, पण त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मग लालभडक मेपल सगळे बाजूला सारून त्यांनी भोक पडलेलं तपकिरी ओकचं पान उचललं.

"हे गळत नाही लवकर," त्या म्हणाल्या. "त्यांना सुट्टी मिळायला उशीर झाला, तरी आम्हाला हे भेटायचंच."

आणि देठासकट खाऊन टाकलं. उरलेली त्यांनी डब्यात भरून घेतली, आणि डबा खिडकीत नको, उन्हाने तूप सुटेल, एवढं मी त्यांना बजावून आले.