कुठला टीजी?

द्रवरूप रेझिनचा टीजी (काच-संक्रमण तापमान) काढून द्या, अशी चिठ्ठी नमुन्याबरोबर आली की मी आधी फोन लावतो. कुठला टीजी? बाटलीत आहे त्या नुसत्या इपॉक्सीचा, की हार्डनर घालून कडक केल्यावरचा? पहिला शून्याखाली साधारण १५ ते २० अंशांवर असतो. दुसरा हार्डनर आणि क्युअरिंगप्रमाणे ५० पासून २०० च्याही वर कुठेही जातो. ‘‘टीजी म्हणजे टीजी हो साहेब,’’ असं पलीकडून ऐकू येतं.

थंडीत तर जास्तच गंमत. भोसरीतल्या एका गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये रेझिनचा ड्रम पांढरा पडून घट्ट झाला. ‘‘रिपोर्टात उणे सतरा लिहिता, मग १२ अंशांना हा दगड कसा झाला?’’ प्रश्न रास्त होता. पण त्या ड्रममध्ये स्फटिक धरले होते. रेणू रांगेत लागले की स्फटिक होतो. रांगेत न लागता जागच्या जागी अडकले की काच होते, आणि टीजी हे त्या अडकण्याचं तापमान. ड्रम ५०-६० अंशांवर ठेवून ढवळला, रेझिन पुन्हा पारदर्शक झालं.

तापवताना नमुना किती उष्णता घेतो हे नोंदणाऱ्या डीएससी यंत्रावर हा फरक उघड दिसतो. स्फटिक वितळताना ठसठशीत शिखर येतं. टीजीला मात्र रेषा जराशी पायरी उतरते, एवढंच. नवी मुलं शिखर शोधत बसतात आणि पायरी नजरेतून निसटते. नमुन्यात पाणी असेल तर शून्याच्या आसपास बर्फाचं शिखर येतं, त्यालाच टीजी समजणारेही भेटलेत.

खरं कसब थेंब सोडण्यात आहे. ॲल्युमिनियमच्या इवल्याशा पॅनमध्ये पाच ते दहा मिलिग्रॅम. सुई उचलली की रेझिनची तार सुटते. ती काठाला चिकटली की झाकण नीट दाबलं जात नाही, आणि पुढे गरम होताना माल बाहेर येतो. ती तार सुईभोवती गुंडाळून तोडायची, मग पॅन बंद करून पुन्हा वजन. यंत्र इंडियम धातूवर आधीच तपासलेलं असतं, तो १५६.६ अंशांना वितळतो. नमुना उणे ६० पर्यंत थंड करून मिनिटाला १० अंशांनी तापवायचा. वेग वाढवला की टीजीही वर सरकतो.

हार्डनर मिसळलेल्या नमुन्याची कथा आणखी वेगळी. खोलीत क्युअर झालेलं रेझिन टीजी खोलीच्या तापमानापुढे थोडा गेला की काचेसारखं थिजतं आणि उरलेली अभिक्रिया रखडते. यंत्रात तापवलं की ती पुन्हा सुरू होते. म्हणजे मोजता मोजता नमुनाच बदलतो, आणि दुसऱ्या फेरीत टीजी बराच वर दिसतो. गिऱ्हाइकाला अर्थात दुसरा आकडा आवडतो. पण त्याने बसवलेला भाग कधी भट्टीत गेलेलाच नसेल, तर पहिलाच खरा. त्यात उघडी चिक्की पावसाळ्यात मऊ पडते तसा ओलाव्यानेही टीजी घसरतो. नमुना हलवून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या डीएमए यंत्रावर टॅन डेल्टाचं शिखर धरून काढलेला आकडा डीएससीपेक्षा सहसा जास्त भरतो, तोही भाव करताना पुढे केला जातो.

म्हणून आकड्याखाली मी पद्धत, वेग, पहिली फेरी की दुसरी आणि पायरीचा मध्य धरला की सुरुवात, एवढं लिहितोच. एका खरेदी विभागाने आता आपल्या फॉर्मात त्यासाठी ‘शेरा’ नावाचा रकाना वाढवला आहे. बाकीचे पुरवठादार त्यात ‘ओके’ लिहितात.