पॅरिसची जत्रा आणि भाचीचा प्रश्न

पॅरिस म्हटलं की आयफेल टॉवर आठवतो ना? पण त्याच शहरात फेब्रुवारीच्या अखेरीस शेतकऱ्यांची भली मोठी जत्रा भरते, हे ठाऊक होतं का? १९६४ पासून ती पोर्त द वेर्साय इथल्या प्रदर्शनाच्या दालनांत भरत आली आहे. २०१९ साली मी ती भाचीबरोबर पाहिली. माझी बहीण तेव्हा तिकडेच राहत होती. भाची दहा वर्षांची, आणि पक्की शाकाहारी!

पहिल्याच दालनात गोठा! गवताचा, शेणाचा वास आणि हंबरणं. एका तांबड्या-पांढऱ्या माँबेलियार्द गाईची मान भाचीने खाजवली, तर बाईसाहेबांनी चक्क डोळे मिटले. तिथून तिला हलवायला मला पंधरा मिनिटं लागली.

याच जातीच्या गाईंच्या दुधाचं 'कोम्ते' नावाचं चीज जुरा डोंगरातले लोक करतात. परातीएवढं एक चाक साधारण चाळीस किलोचं, आणि त्याला दूध लागतं चारशे लिटर! मग ते निदान चार महिने तळघरात मुरवायचं. विक्रेत्याने सुरीच्या टोकावर तुकडे पुढे केले. मी लगेच तोंडात टाकला. वा! अक्रोडाची आठवण करून देणारी चव.

"मामा, थांब ना! यात काही नाही ना?" भाची म्हणाली. तिचं फ्रेंच माझ्यापेक्षा बरं, म्हणून तिनेच विचारलं.

'नुसतं दूध' म्हणून तो मोकळा झाला असता. पण त्याने सुरी खाली ठेवली. दूध, मीठ आणि 'प्रेझ्यूर', तो म्हणाला. म्हणजे वासराच्या जठरातून काढलेला, दूध घट्ट करणारा पदार्थ. आपण पनीरला लिंबू पिळतो, तसं तिकडे शतकानुशतकं हे वापरतात. (आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज मिळतं, त्यात हा पदार्थ नसतो, बरं का.)

भाचीने मागे गोठ्याकडे पाहिलं. मग तुकडा परत ठेवला आणि "मेर्सी" म्हणाली. मी मात्र घास केव्हाच गिळला होता!

विक्रेता रागावला नाही. उलट त्यानेच ब्रिटनीच्या स्टॉलचा रस्ता दाखवला. तिथे कुट्टूच्या पिठाचे मोठाले काळपट डोसे तव्यावर पसरत होते. त्यांना गालेत म्हणतात. त्यात हॅम आणि अंडं घालतात. आम्ही "फक्त लोणी" सांगितलं. खारं लोणी, कुरकुरीत कडा! मस्त.

मग हिंदी महासागरातल्या रेयुन्यों बेटाचा स्टॉल लागला. हे बेट फ्रान्सचं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत राबायला तमिळ मुलखातून मजूर तिथे नेले होते. कढईत भिजवून वाटलेल्या कडधान्याचे, मिरची घातलेले 'बॉनबाँ पिमाँ' तळत होते.

"अरे मामा, हा तर आपला वडा!"

चार तिने खाल्ले, दोन मी. परतताना मेट्रोत तिने हळूच विचारलं, "तू काय खाल्लंस, ते आजीला सांगू?"

पुडीतले उरलेले दोन्ही बॉनबाँ मी मुकाट्याने तिच्या हातावर ठेवले.