रात्री साडेनऊची बाग

सकाळी साडेआठला घर सोडायचं आणि रात्री आठ-साडेआठला परत यायचं. अशा माणसानं बाग करायची तरी कुणासाठी? जास्वंद सकाळी उमलते तेव्हा तुम्ही कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढताय. सदाफुली दिवसभर हसतेय तेव्हा तुम्ही एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसलाय. घरी याल तेव्हा जास्वंदीनं शटर खाली ओढलेलं! राहिला रविवार. त्या दिवशी कुंड्यांची भेट होते, पण तीही कपडे वाळत घालता घालता.

मी फ्रीलान्सर आहे. लोकांना वाटतं, हिला काय, दिवसभर घरीच. प्रत्यक्षात दिवस इंटरव्ह्यूंच्या मागे पळण्यात जातो आणि लिखाण सुरू होतं रात्री जेवणानंतर. म्हणजे आपण सगळे एकाच बोटीत. आपल्याला हवी नाइट शिफ्टची बाग.

नाइट शिफ्ट करणारी झाडं आपल्याकडे आहेतच. जुई, निशिगंध, रातराणी... पण जुईला मांडव हवा आणि रातराणी कुंडीत मावेनाशी होते. शिवाय तिच्या वासानं आमच्या शेजारच्या काकूंचं डोकं दुखतं. तेव्हा मी शोधत होते कुंडीत राहणारं, एका सीझनचं, संध्याकाळनंतर फुलणारं झाड. सापडलं. फक्त त्याच्या नावात गोची होती.

नाव, फुलांची तंबाखू. शास्त्रीय नाव निकोटिआना अलाटा.

आडनावाचा प्रॉब्लेम

निकोटिआना हे नाव कुठून आलं? झॉं निको नावाचा फ्रेंच वकील १५६०च्या सुमारास लिस्बनच्या दरबारात होता. त्यानं तंबाखू औषध म्हणून फ्रान्सच्या राणीकडे पाठवली. पुढे लिनियसनं १७५३ साली या वनस्पतींच्या कुळीला त्याचं नाव देऊन टाकलं. निकोटिनही त्याच्याच नावावरून. बिचाऱ्याला अमरत्व मिळालं, पण कशामुळे बघा!

या कुळीत पुष्कळ भावंडं आहेत. शेतात पिकते ती तंबाखू एक. आपली फुलांची तंबाखू मूळची दक्षिण ब्राझील आणि आर्जेन्टिना भागातली. तिची चुलतबहीण निकोटिआना सिल्व्हेस्ट्रिस चांगली पाच फूट उंच होते आणि तिला लांब नळीची पांढरी फुलं घोसानं लोंबतात. जरा मोठं खानदान बघितलं तर टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची, धोतरा, रातराणी हे सगळे याच घराण्यातले. नर्सरीत थंडीत मिळणारा पिटुनियासुद्धा! त्याचं नावच मुळी ब्राझीलमधल्या तंबाखूच्या जुन्या शब्दावरून पडलंय.

हे सगळं मी आईला सांगणार होते. पण आमच्या घरात हा शब्द इतका सोपा नाही.

बाबा मूळचे निपाणीचे. कोल्हापूरच्या पुढे, हायवेवरचं गाव. राज्य कर्नाटक, बोली मराठी आणि पीक तंबाखूचं. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. १९८१ साली तिथल्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी हायवे अडवला, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली. पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. बाबा तेव्हा कॉलेजात होते. त्या आंदोलनाच्या गोष्टी ते आम्हाला सांगायचे, त्याही तळहातावर तंबाखू मळत मळत!

रात्रीचं जेवण झालं की साडेनऊला बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. खिशातून डबी निघायची. चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापा मारायच्या आणि चिमूट ओठाखाली. २०१५ साली गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. मग ऑपरेशन, मग रेडिएशन. २०१७ साली बाबा गेले.

आपण सिगरेटला शिव्या घालतो, पण २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातले २१.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले आणि धूम्रपान करणारे १०.७ टक्के. म्हणजे खाणारे आणि मिश्री लावणारे ओढणाऱ्यांच्या दुप्पट. हे आकडे मी एका बातमीसाठी काढले होते. आमच्या घरचा आकडा एकच होता.

शहरात फुलं संपली का गं?

बी मागवण्याआधी मी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती.

‘‘आई, एक फुलझाड लावायचंय. नाव ऐकून चिडू नकोस.’’

‘‘सांग तरी.’’

‘‘फुलांची तंबाखू.’’

आईचे हात थांबले नाहीत. दोन-तीन काड्या निवडून झाल्यावर तिनं फक्त विचारलं, ‘‘शहरात बाकीची फुलं संपली का गं?’’

तिचा प्रश्न रास्त होता. मला हेच झाड का हवं होतं? एक कारण वासाचं. दुसरं कारण बाबांनीच दिलेलं. तंबाखूच्या शेतात फूल टिकू देत नाहीत. शेंडा धरला की खुडून टाकतात, म्हणजे सगळी ताकद पानात उतरते. बियाण्यासाठी ठेवलेली चार रोपं सोडली तर फूल म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान. बाबा शाळेच्या सुट्टीत शेंडे खुडायला जायचे. हाताला काळा चिकट थर बसायचा, तो घासून घासूनही निघायचा नाही. ‘‘इतकी वर्षं तंबाखूत काढली, पण फुललेलं शेत काही बघितलं नाही,’’ असं ते एकदा म्हणाले होते. ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. ज्या झाडाच्या पानानं आमचं घर पोखरलं, त्या जातीचं एक तरी झाड मला फुलताना बघायचं होतं.

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, ‘‘तुळशीच्या शेजारी नाही ठेवायचं. आणि त्याचं पान घरात आणायचं नाही.’’ म्हणजे परवानगी मिळाली, विथ टर्म्स अँड कंडिशन्स!

मोहरीपेक्षाही बारीक

आता कामाचं बोलू. आपल्या हवेत हे थंडीचं झाड. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं. बी एवढं बारीक, की मोहरी त्याच्यापुढे सुपारी वाटावी. एका ग्रॅममध्ये हजारो दाणे बसतात. त्यामुळे फंडा असा : चिमूटभर बी चमचाभर बारीक वाळूत मिसळायचं आणि ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं. वर माती अजिबात टाकायची नाही, कारण या बियांना रुजायला उजेड लागतो. झारीनं पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा स्प्रे असतो ना, तोच वापरायचा.

दहा ते पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. चार-पाच पानं आली की एका कुंडीत एक रोप. कुंडी दहा-बारा इंची, माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात. पाणी साचू द्यायचं नाही. ऊन चार-पाच तास असलं तरी झाड खूश. सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसती पानांची बशी जमिनीला चिकटून बसते. आपल्याला वाटतं, गंडलं! मग एक दिवस मधून दांडा निघतो आणि भराभर वाढतो. माझ्याकडे पहिली कळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली.

खरेदी करताना एक गोष्ट बघा. नर्सरीत लाल-गुलाबी रंगांची बुटकी संकरित रोपं मिळतात. ती दिवसाही उघडी राहतात, दिसतात झकास, पण त्यातल्या बऱ्याच जातींना वास नसल्यासारखाच. वास हवा असेल तर पांढरी, उंच, जुन्या पद्धतीची अलाटा किंवा सिल्व्हेस्ट्रिसच मागायची.

पानांवर बारीक चिकट लव असते. चिलटं येऊन अडकतात, मावाही पडतो. पाण्याचा फवारा आणि कडुलिंबाचं तेल पुरतं. टोमॅटो-मिरचीच्या कुंड्या मात्र लांब ठेवा. एकाच घराण्यातले असल्यामुळे यांचे रोगही कॉमन. टोबॅको मोझेक नावाचा व्हायरस तर हातांवरून पसरतो, अगदी सिगरेटमधल्या तंबाखूला लागलेल्या बोटांवरूनही. घरी कुणी ओढणारं असेल तर कुंडीला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायला सांगा. झाडाच्या निमित्तानं तरी ऐकतील!

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. हे झाड विषारी आहे. शोभेचं असलं तरी तंबाखूच ती, निकोटिन आहेच. रांगतं मूल किंवा पान चघळणारी मांजर घरात असेल तर हा नाद करू नका. आमच्याकडे दोन्ही नाहीत, तरी शेजारचा चार वर्षांचा पिंट्या येतो म्हणून कुंड्या उंच स्टॅण्डवर आहेत.

संध्याकाळची हजेरी

दिवसा या झाडाकडे बघाल तर निराश व्हाल. फुलं माना टाकून, पाकळ्या मुडपून बसलेली. ऊन उतरलं की एकेक पाकळी सरळ होते आणि साडेसात-आठपर्यंत पांढऱ्या चांदण्या उघडतात. वास? जाईच्या जवळचा, गोड, पण रातराणीसारखा अंगावर येणारा नाही. वाऱ्याची झुळूक आली की येतो, गेली की जातो.

हा सगळा थाट आपल्यासाठी नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. लांब नळीच्या तळाशी मध असतो आणि तिथवर पोचते हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगाची सोंड. ती त्याच्या अंगापेक्षाही लांब असू शकते. फेब्रुवारीत एका रात्री असा एक राखाडी पतंग आला. फुलावर न बसता हवेत तरंगत मध पीत होता, अगदी हेलिकॉप्टर. मी लॅपटॉप सोडून आईला हाक मारली.

आई तोवर कुंड्यांकडे फिरकलीही नव्हती. त्या रात्री आली. पतंग बघितला. मग एका पानाला तिनं बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाली, ‘‘हा तोच वास.’’ आत जाऊन तिनं साबणानं हात धुतले. दोनदा. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

दोन-तीन दिवसांनी जेवण झाल्यावर तिची खुर्ची बाल्कनीच्या दारात दिसली. दाराच्या आतल्या बाजूला, पण बाल्कनीकडे तोंड करून. घड्याळात साडेनऊ वाजले होते. बाबा गेल्यापासून त्या वेळी आमच्याकडे कुणी बाल्कनीत जात नसे. आई टीव्हीचा आवाज वाढवायची आणि मी माझ्या खोलीत जायचे. असं ठरवलेलं नव्हतं, पण होत होतं.

‘‘आज सात उघडलीत,’’ आई म्हणाली. मोजून बसली होती!

तिला ते झाड आवडतं का? मी विचारलेलं नाही. पानांना ती अजूनही हात लावत नाही आणि कुंडी साफ करायचं काम माझंच. पण मार्चमध्ये बोंडं वाळली तेव्हा, ती तडकून बी सांडायच्या आत कापायची आठवण तिनंच केली. एप्रिलच्या उन्हात झाडं संपली. बी मी लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत भरलं. पाकिटांवर नाव काय लिहायचं, यावर थोडी चर्चा झाली. मी निकोटिआना म्हणाले. आईनं पेन घेतलं आणि लिहिलं, ‘‘रात्रीची पांढरी. विषारी आहे. लहान मुलांपासून लांब ठेवणे.’’

चार पाकिटं मैत्रिणींकडे गेली, दोन आमच्याकडे आहेत. ऑक्टोबरात टाकायची.