बहिष्कार, पण कुणाच्या मागणीसाठी?

अंबाजोगाई,
ऑगस्टअखेर

चि. सई,


तुझं पत्र मिळालं. हॉस्टेलमधल्या तुम्ही मुलींनी कोक आणि पेप्सी पिणं सोडलंत, मेसच्या फ्रिजमधूनही त्या बाटल्या काढायला लावल्यात, हे वाचून आनंद झाला. इथल्या बायकांना गोळा करून मीही असंच काही करावं, असं तू सुचवलं आहेस. तुमच्या बहिष्काराला माझा पाठिंबा आहे. पण तो एवढ्यावरच थांबला तर ऊस तोडणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काहीच पोहोचणार नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी वाढले ऊस पिकतो त्या वाळवा तालुक्यात आणि सून म्हणून आले ऊस तोडायला माणसं जातात त्या बीड जिल्ह्यात. शाळेत शिकवत होते तेव्हा दिवाळी जवळ आली की वर्ग रिकामा होऊ लागायचा. मुलं आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, कर्नाटककडे निघून जायची. त्यातल्या कित्येक मुली पुढच्या वर्षी शाळेत परतल्याच नाहीत. त्यांची लग्नं लागलेली असायची. यामागे हिशेब असतो. तोडीला कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी लागते. एकटा गडी हा अर्धा कोयता. लग्न झालं की उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीची मिळते.

ती उचल मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, घेतो नवरा. सही किंवा अंगठा त्याचाच. बाई पहाटे भाकरी थापून फडात उतरते, ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. अपरात्री गाडी आली तर पुन्हा उठते. पण तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. मजुरी जोडीच्या टनावर, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हातात. आजाराने ती एक दिवस पडून राहिली की खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. राहायच्या कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांतही तेच काम, तसंच ओझं. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, ती दवाखाना गाठते आणि तिथे तिला कॅन्सरची भीती घालून गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितली जाते. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, ती फेडायला पुन्हा फड.

२०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहांत एकीची. अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. त्याच काळात खासगी दवाखान्यांवर ऑपरेशनआधी परवानगी घेण्याची अट आली, चौकशा झाल्या. त्या हव्याच होत्या. पण सगळा रोख डॉक्टरांवर राहिला. खाडा, उचल आणि फडावर नसलेला संडास हेही त्या ऑपरेशनचं कारण आहे, आणि त्यांना कुणी हात लावला नाही.

तुम्ही मैत्रिणी ज्या बातमीने पेटून उठलात ती मार्च २०२४ची. न्यूयॉर्क टाइम्स आणि द फुलर प्रोजेक्ट यांनी मिळून केलेला तो शोध होता. महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यांची साखर कोक आणि पेप्सी या दोन शीतपेय कंपन्यांपर्यंत जाते, तिथल्या फडांत कर्जाची वेठबिगारी, बालविवाह आणि गर्भाशयाची ऑपरेशनं चालतात, असं त्यांनी पुराव्यासकट मांडलं. मला सर्वांत जास्त टोचली ती त्यातली एक गोष्ट. कोका-कोलाने नेमलेल्या सल्लागारांनी २०१९मध्येच पश्चिम भारतातल्या फडांत जाऊन मुलं ऊस तोडत असल्याचं आणि मजूर कर्ज फेडण्यासाठी राबत असल्याचं कंपनीला लिहून दिलं होतं, असं त्या बातमीत आहे. माहिती असूनही वर्षानुवर्षं खरेदी तशीच चालू राहत असेल, तर तुमचा संताप अगदी योग्य आहे.

पण पुढे काय होईल याचा विचार कर. समजा, कंपनी घाबरली. तिच्यासाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे आमची साखर घेणं थांबवायचं आणि दुसरीकडून घ्यायची. कागदावर ती निर्दोष ठरेल, तुम्हाला जिंकल्यासारखं वाटेल, आणि फडातल्या बाईचा खाडा तसाच राहील. शिवाय तीच साखर तुमच्या मेसच्या चहात आहे, बिस्किटात आहे, श्रीखंडात आहे. ती गाळून बाजूला काढता येत नाही. गोरं करणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. जनवादी महिला संघटनेने २००२-०३च्या सुमारास त्याच्या जाहिरातींविरुद्ध झगडा दिला, जगभर टीका झाली, आणि २०२०मध्ये कंपनीने ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ लावलं. डबी दुकानात आहेच. मोघम नाराजीवर कंपन्या असंच मोघम उत्तर देतात.

याउलट दिंडिगुलचं बघ. तामिळनाडूतल्या या जिल्ह्यात एका कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी २० वर्षांची दलित मुलगी जानेवारी २०२१मध्ये मारली गेली. मारणारा तिचाच सुपरवायझर. तो तिला आधीपासून छळत होता. तिथल्या बायकांची, बायकांनीच चालवलेली आणि बहुसंख्य दलित सभासद असलेली युनियन होती. त्या बायकांनी जगाला फक्त ‘हे कपडे घेऊ नका’ एवढंच सांगितलं नाही. मोठ्या ब्रँडनी आमच्याबरोबर करारावर सही करावी, अशी त्यांची मागणी होती. एप्रिल २०२२मध्ये कारखान्याचे मालक ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम यांच्याबरोबर करार झाले. पुढे गॅप आणि पीव्हीएच आले. कामगार बायकांमधूनच निवडलेल्या, युनियनने तयार केलेल्या निरीक्षक जागोजागी उभ्या राहिल्या. तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था झाली. आणि मालकाने करार मोडला तर ऑर्डरीवर परिणाम करण्याचं बंधन ब्रँडवर आलं. बाहेरच्या ग्राहकाचा दबाव इथे उपयोगी पडला, पण काय मागायचं ते आतल्या बाईने ठरवलं होतं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या इमोकलीच्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी तर बहिष्काराची हाक स्वतःच दिली होती. २००१ ते २००५, टॅको बेल या खाद्यसाखळीविरुद्ध. मागणी एका वाक्यात सांगता येईल इतकी स्वच्छ: टोमॅटोच्या पौंडामागे एक सेंट जादा द्या आणि आमची आचारसंहिता पाळा. विद्यापीठांतल्या तुमच्यासारख्या मुलामुलींनी आपल्या आवारातून ती दुकानं हटवली. कंपनीने मान्य केलं. त्यातून पुढे जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात बाईवर हात टाकणाऱ्या मुकादमाला घरी पाठवलं नाही, तर त्या शेताचा माल मोठे खरेदीदार घेत नाहीत. शेतमजूर बाईसाठी याहून सरळ नमुना मला माहीत नाही.

मग आपल्याकडच्या बायका काय मागतात? महिला किसान अधिकार मंच त्यांच्यात काम करतो, आणि माझ्या ओळखीच्या बायकाही तेच बोलतात. आमचं नाव वेगळं नोंदवा. मजुरी आमच्या खात्यावर द्या. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा धरू नका. फडावर पाणी, न्हाणी, संडास द्या. लेकरांना सांभाळायची सोय करा. दवाखान्यात पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मिळू द्या. यातलं एकही कलम तुमच्या बहिष्काराच्या पत्रकात नाही. त्यात बाटलीचं चित्र आहे आणि कंपनीचं नाव आहे.

आता अवघड गोष्ट. ती आपल्या घरातली आहे. माझा दादा, म्हणजे तुझे बाबा, साखर कारखान्याचा सभासद आहे. दिवाळीला सवलतीची सभासद साखर घरी येते, तुझं शिक्षणही ऊसबिलावर चाललं आहे. कोकचे मालक अटलांटात असतील, पण सहकारी कारखान्याचे मालक तुझे बाबा आणि त्यांच्यासारखे हजारो शेतकरी आहेत. तोडमजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असं कारखाने वर्षानुवर्षं म्हणत आले आणि सभासदांनी ते चालू दिलं. याचं कारणही समजून घे. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान भावातून, वजा होतो. जानेवारी २०२४मध्ये तोडीचा दर ३४ टक्के वाढला, तेव्हा तो बोजा शेतकऱ्याच्या बिलात उतरला. दादा वाईट माणूस नाही, पण फडातल्या बाईची मजुरी वाढली की त्याचा भाव घटतो, अशीच ही रचना आहे. म्हणूनच मोठ्या खरेदीदाराने आपल्या नफ्यातून प्रति टन काही जादा द्यावं आणि ते थेट बाईच्या खात्यात जावं, ही मागणी मला फार महत्त्वाची वाटते. इमोकलीत तेच झालं. तुमच्या बहिष्काराला खरे दात याच मागणीने फुटतील. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यायचे, असं राज्यात ठरलेलंच आहे. म्हणजे टनावर पैसे वेगळे काढणं अशक्य नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्यातल्या किती मुलींच्या घरी ऊस आहे, एकदा विचारून बघ. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर इथल्या मुली असतील तर निम्म्या तरी निघतील असा माझा अंदाज आहे. सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आहेत. प्रत्येकीने आपल्या वडिलांना, आजोबांना एकच लेखी प्रश्न द्यायला लावायचा: या हंगामात तोडणाऱ्या बाईची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र खातं कारखाना करणार का? प्रश्न आयत्या वेळी विचारला तर अध्यक्ष टाळतील, त्यामुळे तो आधी पोच घेऊन द्यायला हवा. दादा कुरकुर करेल. त्याच्याशी मी बोलते, तूही बोल, पण भांडू नकोस. भावाचं गणित त्याच्यासमोर नीट मांड.

बाटल्या बंदच राहू देत. फक्त पत्रक नव्याने लिहा, बायकांच्या मागण्या वर घ्या, आणि छापण्याआधी मसुदा मला पाठव. टोळ्या ऑक्टोबरात निघायला लागतील. त्याआधी आमच्या वस्तीवरच्या बायकांना मी तो वाचून दाखवते. त्या जे खोडतील ते खोडायचं आणि ज्या घालायला सांगतील त्या ओळी घालायच्या.

वहिनींना नमस्कार सांग. परीक्षेच्या तारखा कळव.

तुझी,
आत्या