भयानकाचा निर्भय नट

जयपूरहून टोंककडे जाणारा रस्ता सांगानेर ओलांडून पुढे गेला, की सीतापुरा लागते. सांगानेरच्या छापील कापडाचा लौकिक दूरवर पसरलेला आहे. सीतापुऱ्याच्या वाट्याला असे काही आले नाही. राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाने, म्हणजे ‘रीको’ने, आखून दिलेले भूखंड, तयार कपड्यांचे आणि रत्ने-दागिन्यांचे कारखाने व त्यांच्या शेजारी उभी राहिलेली अभियांत्रिकी, वैद्यक आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये, असे त्याचे रूप आहे. दिवसा मालमोटारींचा गजबजाट असतो. रात्र झाली, की कुंपणांच्या लांबच लांब भिंती उरतात, मधूनमधून सांडलेला दिव्यांचा उजेड उरतो आणि त्या उजेडातून अंधारात व अंधारातून उजेडात जाणारी कुत्री उरतात. हाती कॅमेरा आलेल्या तरुणाला भयपट सुचावा, अशीच ही जागा आहे.

विद्यार्थ्यांचा पहिला लघुपट पुष्कळदा भयपटच असतो, याचे कारण काही अंशी आर्थिक आहे. प्रेमकथेला दोन नट लागतात आणि दोघांनाही अभिनय यावा लागतो. विनोदाला लेखणी लागते. भयाला अंधार पुरतो, आणि अंधार फुकट मिळतो. एक खोली, एक करकरणारे दार, वसतिगृहातला एक मित्र आणि कोणाच्या तरी घरचे पाळलेले कुत्रे, एवढ्या सामग्रीवर सहा-सात मिनिटांची कथा उभी राहते. कथाही बहुधा ठरलेली असते. परीक्षेच्या आदल्या रात्री एकटाच जागणारा मुलगा, पायाशी बसलेले कुत्रे. कुत्रे एकाएकी कोपऱ्याकडे पाहू लागते. मुलगा पाहतो, तर तेथे काहीच नसते. कुत्रे पुन्हा पाहते, गुरगुरते, मागे सरते. तिसऱ्या खेपेस प्रेक्षकाची खात्री पटलेली असते, की कोपऱ्यात कोणीतरी आहे. मुलाच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास राहिलेला नसतो. कुत्र्याच्या डोळ्यांवर मात्र असतो.

हा विश्वास चित्रपटाने निर्माण केलेला नाही. चित्रपटाला तो आयता मिळालेला आहे. रात्री कुत्रे रडू लागले, की मराठी घरांतून आजही कोणीतरी उठून ‘हाड’ म्हणते, आणि घरात आजारी माणूस असेल तर म्हणणाऱ्याचा आवाज जरासा कापतो. कुत्र्याला यमदूत दिसतात, ही समजूत जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे आहेत. ते चार डोळ्यांचे आहेत आणि मृतांच्या वाटेवर राखण करतात. महाप्रस्थानिक पर्वात सगळे सोबती गळून पडल्यावर युधिष्ठिराबरोबर उरते ते एक कुत्रे, आणि त्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकण्याचे तो नाकारतो. दत्तात्रेयाच्या पायांशी कुत्री आहेत. जेजुरीच्या खंडोबाचा वाघ्या तर स्वतःलाच देवाचे कुत्रे मानतो. या सर्व ठिकाणी कुत्र्याची जागा एकच आहे, ती म्हणजे उंबरठा. घर आणि रान, जिवंत आणि मृत, माणूस आणि देव यांच्या मधल्या रेषेवर ते बसलेले असते आणि पलीकडचे काही अलीकडे येऊ लागले, तर ते प्रथम त्याला कळते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी ज्या वाचकाला ओळखीच्या, नांदत्या घरात भय भेटवले, त्याला या रेषेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. भयकथा घडते ती तेथेच.

शरीरशास्त्राचे म्हणणे अधिक साधे आहे, पण तेही या समजुतीला पुरते खोडून काढत नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपाशी संपते. कुत्र्याचा कान सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचे ऐकतो. भिंतीआड सरपटणारी पाल, छतावरचा उंदीर, दूरच्या कारखान्यातल्या यंत्राची बारीक शीळ हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचते. आपल्या दृष्टीने जो रिकामा कोपरा असतो, तो त्याच्या दृष्टीने रिकामा नसतोच. भूत आहे की उंदीर, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर लांबवणे हीच भयपटाची कला आहे.

चित्रीकरणाची रात्र मात्र या सगळ्या गांभीर्याची फजिती करते. कुत्र्याचे नाव शेरू असावे किंवा मोती असावे. खोलीत पाच-सहा ओळखीची मुले, दिवे, तारा आणि खाण्याचे डबे असतात. त्यामुळे ते अत्यंत आनंदात असते. त्याने कोपऱ्याकडे भयाने पाहावे अशी अपेक्षा असते. ते दिग्दर्शकाकडे प्रेमाने पाहते. त्याने मागे सरावे असे पटकथेत लिहिलेले असते. ते शेपूट हलवत पुढे येते आणि भिंग हुंगून त्यावर नाकाचा ओला ठसा उमटवते. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून १९८३ साली निघालेल्या ‘कूजो’ या भयपटात पिसाळलेल्या कुत्र्याचे काम करणारी कुत्री इतकी खुशीत असत, की त्यांच्या हलत्या शेपट्या बांधून ठेवाव्या लागल्या, असे सांगतात. कुत्र्याला खोटे बोलता येत नाही. नटाची पहिली पात्रताच त्याच्या अंगी नसते.

मग विद्यार्थी हळूहळू शिकतो. कोपऱ्याच्या दिशेने कुत्र्याची नजर लागावी म्हणून एक मित्र हाती पोळीचा तुकडा घेऊन तेथे दबा धरून बसतो. ‘गूढ आवाजाने’ कान टवकारले जावेत म्हणून दाराआड खेळण्यातली पिपाणी एकदाच, अगदी हलकी वाजवली जाते. दुसऱ्यांदा वाजवली, की तिचे नावीन्य संपते आणि तिसऱ्यांदा कुत्रे झोपते. गुरगुर हवी असेल तर दोरीची ओढाताण खेळताना ती मुद्रित करून घेता येते. खेळातली ती लटकी गुरगुर अंधाऱ्या दृश्यावर बसवली, की अंगावर काटा आणते. कॅमेरा माणसाच्या उंचीवरून खाली उतरवून कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणला, की तीच खोली परकी होते. पलंगाखालचा अंधार समोर येतो, दाराची फट मोठी होते आणि माणसांचे केवळ पाय उरतात.

असे गोळा केलेले तुकडे संकलनाच्या मेजावर येतात आणि तेथे भय जन्मते. लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग केल्याचे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या भांड्याशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडला. प्रेक्षकांना पहिल्या जोडणीत भूक दिसली, दुसरीत शोक दिसला, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. कुत्र्याचा चेहरा हा असा जन्मजात मोझुखिनचा चेहरा आहे. पोळीच्या तुकड्याकडे लागलेल्या त्या टक लावलेल्या नजरेनंतर अंधारा कोपरा जोडला, की ती नजर भ्यालेली होते.

या शक्यतेचा पूर्ण विस्तार अलीकडे एका अमेरिकन चित्रपटात झाला. बेन लेऑनबर्ग या दिग्दर्शकाचा ‘गुड बॉय’ २०२५ साली प्रदर्शित झाला. त्याचा नायक इंडी हा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरचा कुत्रा, आणि भुताने पछाडलेल्या घराची कथा आरंभापासून शेवटपर्यंत त्याच्याच दृष्टिकोनातून सांगितलेली. सव्वा तासाहूनही लहान असलेल्या या चित्रपटाचे चित्रण तीन वर्षांत मिळून सुमारे ४०० दिवस चालले. मोठ्या निर्मितिसंस्थेला हा हिशेब परवडणार नाही. घरच्या कुत्र्याबरोबर राहणाऱ्याला तो परवडतो, कारण त्याला वाट पाहता येते. या बाबतीत सीतापुऱ्यातला विद्यार्थी आणि तो दिग्दर्शक यांची जात एक आहे.

परंतु वाट पाहणे प्रत्येकाला जमत नाही. कॅमेरा एका रात्रीपुरता मागून आणलेला असतो, पहाट होत आलेली असते, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी सुचवतो, ‘एक फटाका लावू या. बघ कसे खरे एक्स्प्रेशन येते.’ हे सुचवणारा दुष्ट नसतो, तो थकलेला असतो. त्याचे म्हणणे खरेही आहे. फटाका वाजला, की शेपूट पोटाखाली जाईल, कान मागे पडतील, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागेल. शॉट एका टेकमध्ये मिळेल. फक्त त्या क्षणी कोपऱ्यातले भूत खरे झालेले असेल, आणि ते कुत्र्याच्या मालकाचा चेहरा घेऊन आलेले असेल. कमी दृश्य असे इतर अपघातही याच घाईतून होतात. कृत्रिम रक्ताला दाटपणा आणि काळपट छटा यावी म्हणून पाकात कोकोची पूड मिसळण्याची रीत आहे. माणसाला ती निरुपद्रवी असली, तरी कोको कुत्र्याला विषासमान आहे, आणि गोड लागणारे रक्त ते चाटल्यावाचून राहत नाही.

कायद्याने या गोष्टीचा विचार केलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याअन्वये १९६२ साली पशुकल्याण मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. अभिनयशास्त्र जिने आयुष्यभर उपासिले, त्या नर्तिकेकडे हे काम यावे, यात एक औचित्य आहे. पुढे २००१ साली खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, आणि पडद्यावर ‘या चित्रपटात कोणत्याही प्राण्यास इजा झालेली नाही’ ही ओळ ओळखीची झाली. परंतु वसतिगृहाच्या खोलीत रात्री दोन वाजता कोणताही निरीक्षक नसतो. तेथे फटाका लावायचा की नाही, हे ठरवणारा दिग्दर्शक एकटाच असतो.

येथे आपल्या साहित्यशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. भयानक रसाची मीमांसा करताना अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त जे उदाहरण घेतले, ते एका प्राण्याचेच आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत धावणारे ते हरीण. अभिनवगुप्त म्हणतो, की त्या वर्णनातून प्रतीत होणारे भय ना केवळ हरिणाचे असते, ना प्रेक्षकाचे स्वतःचे. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडलेले ते शुद्ध भय असते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. स्वतःवर गुदरलेले भय माणसाला पळायला लावते, त्याचा आस्वाद घेता येत नाही. सीतापुऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी येथील इंडियन ऑईलच्या साठ्यात पेट्रोलची गळती होऊन स्फोट झाला, आग आठवड्याहून अधिक काळ जळत राहिली आणि माणसे दगावली. त्या धुराखालून जे पळाले, त्यांना त्या रात्री कोणताही रस गवसला नसेल. ते लौकिक भय होते.

कालिदासाचे हरीण शब्दांचे होते; त्याच्यामागे खरा बाण कधीच सुटला नाही. चित्रपटाला ही सवलत नाही. कॅमेऱ्यापुढे जे धावते ते खरोखर धावते, जे थरथरते ते खरोखर थरथरते. नट थरथरला तर त्याला ठाऊक असते, की हे थरथरणे आपण केलेले आहे. कुत्र्याला ते ठाऊक नसते, म्हणून त्याच्या बाबतीत लौकिक भय आणि रसरूप भय यांमधली रेषा त्याने नव्हे, तर दिग्दर्शकाने सांभाळायची असते. फटाका लावणारा ही रेषा पुसतो. त्याला शॉट मिळतो आणि कला निसटते, कारण जे त्याने निर्माण करायचे होते, ते त्याने दुसऱ्या जिवाकडून हिसकावून घेतलेले असते. भय हे चौकटीचे, ध्वनीचे आणि संकलनाचे काम आहे. कुत्रे निर्भय राहिले आणि प्रेक्षक भ्याला, तर ते काम झाले असे समजावे. विद्यार्थ्याच्या अंगी कसब किती आले, हे मोजण्याची याहून खरी पट्टी नसावी.

असा सचोटीने केलेला लघुपट महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवला जातो, तेव्हा कधी कधी नायकालाही दोरी धरून आणलेले असते. अंधार होतो. पडद्यावर तो गुरगुरतो, मागे सरतो, आणि रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून केकाटतो. बाकांवरून दबलेल्या किंकाळ्या उठतात. कोणी शेजाऱ्याचा हात घट्ट धरतो. खाली, दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत, स्वतःचाच आवाज ऐकून तो क्षणभर कान टवकारतो आणि दुसरे कुत्रे कोठे आहे ते पाहतो. वास येत नाही, तेव्हा असे कोणी येथे नाही, हे त्याला कळते. मग तो मालकाच्या बुटावर हनुवटी टेकतो आणि डोळे मिटतो.