भिंतीवरील पाठभेद

अवतरणाच्या शुद्धतेविषयी आग्रह धरणे हा मराठीच्या अध्यापकाचा व्यवसायधर्म समजला जातो. गेली सोळा-सतरा वर्षे मी तो पाळीत आलो आहे, आणि क्वचित काहीशा उत्साहानेही. उत्तरपत्रिकेत ओवीचा एखादा चरण मागेपुढे झाला, नामदेवांचा अभंग तुकारामांच्या नावावर गेला, की माझे लाल पेन आपोआप चालू लागते. अवतरण चुकवणारा विद्यार्थी मूळ संहितेपर्यंत पोचलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ मी लावीत असे. हे गृहीतक किती अपुरे होते, हे मला एका उत्तरपत्रिकेने दाखवले. तिच्या निमित्ताने अवतरणांच्या लौकिक जीवनाविषयी येथे काही लिहावयाचे आहे.

प्रश्न महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथावर होता. त्यातील अविद्येविषयीचे पद्य सर्वांच्या परिचयाचे आहे. मती, नीती, गती आणि वित्त अशा एकेका पायरीने ते खाली उतरते, शूद्रांच्या अवस्थेपाशी येऊन थांबते आणि या साऱ्या घसरणीचे मूळ अविद्येत दाखवते. चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावरून येणाऱ्या, घरी मावची बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या चारही पायऱ्या अचूक लिहिल्या होत्या. पण जेथे 'शूद्र' हा शब्द यावयास हवा, तेथे तिने 'आपण' असे लिहिले होते. मी शब्दाखाली रेघ ओढली, समासात 'मूळ पाहा' अशी सूचना केली आणि एक गुण कमी केला.

उत्तरपत्रिका पाहावयास मिळाल्यावर ती माझ्याकडे आली. तिची तक्रार नव्हती, शंका होती. "सर, मूळ म्हणजे कुठलं?" तिच्या शाळेच्या भिंतीवर त्या ठिकाणी 'सारे' असा शब्द होता. "पण सारे कुठे खचले, सर? काही जण तर चांगले वर गेले. म्हणून मी 'आपण' लिहिलं." मी तिला ग्रंथातील पाठ दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग भिंतीवर का नाही?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. माझे शालेय शिक्षण याच पट्ट्यात झाले. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली. एका रविवारी मी ती भिंत पाहून आलो. निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या ऑइलपेंटची सुबक अक्षरे, खाली महात्मा फुले यांचे नाव, आणि मध्ये खरोखरच 'सारे'. तेथील एका शिक्षकांनी सांगितले ते असे : भिंत नव्याने रंगवताना कोणाच्या तरी मनात आले की मुलांच्या डोळ्यांसमोर असा शब्द रोज नको. हेतू वाईट नव्हता. पण या सद्हेतूने पद्याचा कर्ताच नाहीसा झाला, म्हणजे ज्याच्यावर सारे ओढवले तो. परतताना मला आणखी एक गोष्ट अस्वस्थ करीत होती. लहानपणी मीही हे पद्य अशाच एखाद्या भिंतीवरून पाठ केले होते, आणि त्या भिंतीवर कोणता शब्द होता हे मला काही केल्या आठवेना.

पाठभेदांचा विचार आपण बहुधा पोथ्यांच्या संदर्भात करतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालणाऱ्यास ताकीद दिली. आपल्या पाठचिकित्सेची परंपरा तेथवर मागे नेता येते. परंतु वाक्य पोथीतून सुटून लोकांच्या तोंडी जाते, तेव्हा त्याचे काय होते? तेथे नुसता प्रमाद घडतो असे नाही. पुष्कळदा तेथे अर्थनिर्णयही होतो.

'गड आला पण सिंह गेला' हेच वाक्य पाहावे. तानाजी मालुसरे १६७० साली पडले त्या प्रसंगीचे शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणून ते प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. पण सभासदाच्या बखरीत सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड गमावला, अशा आशयाचे वाक्य तेथे आहे. तानाजींनाच गड म्हणणारी ती कल्पना अधिक संयत आणि, माझ्या मते, अधिक गाढ आहे. लोकस्मृतीने मात्र सिंह पसंत केला, कारण तो किल्ल्याच्या नावाची व्युत्पत्तीही पुरवतो. वस्तुतः सिंहगड हे नाव या लढाईपूर्वीच्या कागदपत्रांतही आढळते. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने हे वाक्य शीर्षक म्हणून घेतले आणि त्याचा पाठ कायमचा स्थिर झाला. आज पक्षाला बहुमत मिळून नेता पराभूत झाला की वृत्तपत्रांना हाच मथळा सुचतो. तेथे शोक उरत नाही, उरते ती केवळ वाक्याची घडी.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज' असे होते. १९४२ साली नागपूरच्या भाषणातही हाच क्रम येतो. मराठीत मात्र रूढ झाले ते 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. दुसरे आणि तिसरे पद येथे जागा बदलते, आणि 'अ‍ॅजिटेट'मधील मने ढवळून काढण्याचा, चेतवण्याचा अर्थ 'संघर्षा'त मावत नाही. मूळ क्रमानुसार शिक्षणाने अस्वस्थता येते व अस्वस्थ माणसे संघटित होतात. मराठी क्रमानुसार संघटना आधी, लढा नंतर. हे कृतीविषयीचे दोन वेगळे सिद्धांत आहेत. तरीही मराठी पाठाला नुसते 'चुकीचे' म्हणून निकालात काढणे मला जमत नाही. मोर्चात ओरडता येईल असा अनुप्रास चळवळीने त्याला दिला आणि कित्येकांनी तो पाठ जगून दाखवला. अभ्यासकाने दोन्ही पाठ समोर ठेवावेत आणि मधले अंतर मोजावे, हे बरे.

विडंबनाची गोष्ट निराळी. आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाचे यश मूळ कविता वाचकाच्या कानात ताजी असण्यावर अवलंबून होते. विडंबनकार मूळ पुसत नाही, उलट ते आठवावयास लावतो. म्हणूनच विडंबन हा समीक्षेचा एक प्रकार ठरतो. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'च्या १८९७ मधील अग्रलेखाचा मथळा आज कोणीही कोणत्याही सरकारला लावतो. त्या वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली तुरुंगात जावे लागले होते, हे त्या वेळी क्वचितच कोणाच्या मनात असते. जोखीम गळाली की उरते ते विडंबनही नव्हे, नुसती सवय.

आणि मराठीत अपपाठाची आद्यकथा तर 'ध चा मा' हीच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. लोककथेने मात्र आज्ञा देणाऱ्याचा दोष अक्षर बदलणाऱ्या स्त्रीवर ढकलला आणि त्याची म्हण करून टाकली. पाठ बदलल्याचा आरोपही सत्तेच्या सोयीचा असू शकतो, हे या म्हणीत दडलेले आहे.

आता पुन्हा त्या उत्तरपत्रिकेकडे वळतो. भिंतीवरचा 'सारे' आणि विद्यार्थिनीचा 'आपण' या दोन्हींना मी एकच गुण कापला असता. पाठचिकित्सेच्या दृष्टीने दोन्ही अपपाठच. परंतु 'सारे' हा शब्द दुःखाचे वाटप इतके सढळ करतो की ते कोणाचेच राहत नाही. 'आपण' त्या दुःखाला पुन्हा धनी मिळवून देतो. चातुर्वर्ण्याच्या चौकटीत आदिवासींचे स्थान कोणते, हा वाद बाजूला ठेवून ती मुलगी स्वतःला त्या पद्यात बसवते. शिवाय मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळतो, 'आपण' त्याला सामील करून घेतो. तिने 'आम्ही' लिहिले असते तर मी तिचा परीक्षक राहिलो असतो. 'आपण' लिहून तिने मलाही त्या ओळीत ओढले होते, आणि मी त्या शब्दाखालीच रेघ मारली होती.

आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या हातची मूळ प्रत मागणे व्यर्थ आहे. 'मूळ पाहा' अशी सूचना मी लिहीत होतो, ती या नावाचा शिक्का असलेल्या उत्तरपत्रिकेच्या समासात.

तो गुण मला परत देता आला नाही, कारण अवतरण चुकले होते हे खरेच. आता मात्र हे पद्य शिकवताना मी फळ्यावर तीन शब्द लिहितो : शूद्र, सारे, आपण. पहिला फुल्यांचा आहे आणि तो तसाच पाठ झाला पाहिजे, हे निक्षून सांगतो. मग उरलेले दोन कोणी व कशासाठी लिहिले असतील, हे वर्गाला विचारतो. भिंतीवरचा शब्द अजून तोच आहे. शाळेला मी पत्र लिहिले आहे, सोबत ग्रंथातील पानाची प्रत जोडून.