प्रमाण भिंग

लखनौच्या मानक नगरात आम्ही पस्तीस वर्षे काढली. मानक म्हणजे प्रमाण. १९५७ साली स्थापन झालेल्या रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेची ही वसाहत. तिला दुसरे नाव शोभले नसते. डबे, चाके, रूळ, पूल यांचे आराखडे येथे ठरतात. ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मिलीमीटर. अशा आकड्यांत ज्याचे आयुष्य गेले त्याने ‘प्रमाण’ हा शब्द हलकेपणी उच्चारू नये, अशी आमची समजूत. म्हणूनच ५० मिलीमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला सारे छायाचित्रकार प्रमाण भिंग म्हणतात हे कळले, तेव्हा आम्ही निमूटपणे मान तुकवली.

पुढे हिशेब मांडून पाहिला आणि शंका आली. फिल्मवरील चौकट ३६ बाय २४ मिलीमीटरची. तिचा कर्ण सुमारे ४३. नाभीय अंतर कर्णाइतके असावे हा नियम, मग ५० कोठून आले? लायट्झ कंपनीच्या ऑस्कर बर्नाकने घडविलेला लायका १९२५ साली बाजारात आला, तो माक्स बेरेकने आखलेले ५० चे भिंग घेऊन. इतरांनी तोच कित्ता गिरविला. पुढे आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगामागे आरशाला हलण्यापुरती जागा हवी झाली, तेव्हा कोणी ५५ वर गेले, कोणी ५८ वर. ‘मानवी डोळ्याला दिसते तसेच दिसते’ हे समर्थन मागाहूनचे. डोळ्याला चौकट असते कोठे? आणि जवळच्या नाकाचे व दूरच्या कानाचे नाते ठरते ते आपण कोठे उभे आहोत यावरून. भिंग फक्त कितपत कापायचे ते ठरवते.

आमच्यापाशी होता रशियन झेनिट आणि त्यावरचे ५८ चे हेलिओस. १९८४ च्या हिवाळ्यात एका सकाळी आई स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलीत होती. कॅमेरा दिसला की ती उठून जाई, “माझ्यावर रोल कशाला वाया घालवतोस? पोरांचे काढ,” हे ठरलेले. त्या दिवशी आम्ही व्हरांड्याच्या दारातून, दोन मीटरांवरून, तिच्या नकळत कळ दाबली. चित्र उत्तम आले. पापण्यांची सावलीसुद्धा गालावर दिसते.

पण दोन मीटरांवरून ५८ चे भिंग जेमतेम सव्वा मीटर रुंदीचे जग घेते. तिने नागपूरहून आणलेले पितळी डबे, कोळशाची शेगडी, खिडकीतली तुळस, सारे कापले गेले. तेव्हा याची खंत वाटली नाही. ते सारे तर रोजच समोर होते! मागे सरावे तर पाठीशी व्हरांड्याचा कठडा.

आई १९९७ साली गेली. २०१४ मध्ये निवृत्त झालो आणि क्वार्टर सोडण्याच्या आदल्या दिवशी एका स्नेह्याचे ३५ चे भिंग मागून आणले. त्याच दारात उभे राहून चित्र घेतले. ओटा, खिडकी, फडताळ, कॅलेंडराचा खिळादेखील आला. दोन मीटरांवरून दोन मीटरांहून अंमळ अधिक रुंदी, सगळे मावले. पाटाची जागा मात्र रिकामी. ही दोन्ही चित्रे आम्ही एकाच पाकिटात ठेवतो.

अखेर झेनिटचा पडदा अडकू लागला आणि नवे (म्हणजे जुनेच, दुसऱ्याने वापरलेले) यंत्र घेणे भाग पडले. दुकानदार म्हणाला, “साहब, पहले पचास लीजिए, सब यही लेते हैं.” त्याचे चुकले नाही. ५० चे भिंग बहुधा स्वस्त, अंधाऱ्या खोलीत उपयोगी, आणि मोकळ्या अंगणात राहणाऱ्याने तेच घ्यावे. पण आमची माणसे लहान खोल्यांतून राहिली. त्यांच्यापासून आम्हांला जेवढे लांब उभे राहता आले, तेच आमचे प्रमाण. आम्ही ३५ चे घेतले. तोटा ठाऊक होता: त्या सकाळी हे भिंग असते, तर आईचा चेहरा चित्रात साठ टक्केच उंचीचा आला असता आणि पापण्यांची सावली कदाचित दिसलीही नसती. तो तोटा आम्ही पत्करला असता.

पहिल्या रोलमधील चौथे चित्र सौभाग्यवतींचे आहे, नव्या घरातल्या ओट्यापाशी. पितळी डबे सगळे आले आहेत. दारामागची केरसुणीही आली आहे. ती काढून ठेवायला हवी होती असे त्यांचे म्हणणे.